कारण न सांगता घरी पाठवलं: अमेरिकेतल्या दिवाणी खटल्यांच्या ज्युरी-निवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या घरी कधी ना कधी कोर्टाचं पत्र येतं: ज्युरी ड्युटीचं समन्स, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसायचं बोलावणं. माझ्याकडे ते आलं तेव्हा मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटी कोर्टात दीड दिवस बसले. गाडीच्या अपघाताचा, नुकसानभरपाईचा दावा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिवादीच्या वकीलबाई उठल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, अमुक क्रमांकाच्या ज्युररचे आभार मानून आम्ही त्यांना मोकळं करतो. तो क्रमांक माझा होता. कारण कोणी सांगितलं नाही आणि मला विचारताही आलं नाही. घरी येताना वाटभर एकच विचार: माझं काय चुकलं?

काही चुकलं नव्हतं. पण ते समजायला मला बरंच वाचावं लागलं, नंतर प्रेक्षकांच्या बाकावर बसून काही निवडी पाहाव्या लागल्या. आता मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला समन्स आलं की प्रश्न माझ्याकडे येतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. तुमचा स्वतःचा दावा चालू असेल तर वकिलाशीच बोला.

पेरेम्प्टरी चॅलेंज म्हणजे नेमकं काय?

ज्युरीसाठी बोलावलेल्या माणसाला कारण न देता वगळण्याचा पक्षकाराचा हक्क. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मी 'विनाकारण हरकत' म्हणते. 'विनाकारण' म्हणजे 'उगीच' असं इथे समजू नका. वकिलाच्या मनात कारण असतं, ते सांगायची सक्ती नसते, एवढंच. कोर्टातले लोक बोलताना याला सरळ 'स्ट्राइक' म्हणतात.

याच्या शेजारी दुसरी हरकत असते, 'सकारण' हरकत. वादी तुमचा मेहुणा आहे, ज्या कंपनीवर दावा आहे तिचे शेअर तुमच्याकडे आहेत, किंवा तुम्ही स्वतःच म्हणालात की 'डॉक्टरांविरुद्ध निकाल द्यायला माझं मन धजावणार नाही', तर वकील ते कारण न्यायाधीशांपुढे मांडतात. पटलं तर न्यायाधीश तुम्हाला मोकळं करतात. सकारण हरकतींना संख्येची मर्यादा नाही. विनाकारण हरकती मात्र मोजून मिळतात.

म्हणजे ज्युरी निवडतात की वगळतात?

वगळतात. कुठल्याही वकिलाला 'मला ही बाई ज्युरीत हवी' असं म्हणता येत नाही. 'हे नकोत' एवढंच म्हणता येतं. दोन्ही बाजूंनी नको ते काढून झाल्यावर जे उरतात ती ज्युरी. हे लक्षात आलं की निम्मा अपमान तिथेच विरघळतो.

पैशाच्या भांडणाला ज्युरी कशाला?

अमेरिकेच्या संविधानातली सातवी दुरुस्ती, १७९१ सालची. वीस डॉलरपेक्षा जास्त रकमेच्या, जुन्या इंग्रजी 'कॉमन लॉ' पठडीतल्या दाव्यांत ज्युरीचा हक्क अबाधित राहील, असं ती म्हणते. वीस डॉलरचा आकडा आजही तसाच आहे. ही दुरुस्ती केंद्रीय म्हणजे फेडरल कोर्टांना लागू होते. राज्यांच्या कोर्टांत ज्युरीचा हक्क त्या त्या राज्याच्या संविधानातून येतो.

प्रत्येक बाजूला किती हरकती मिळतात?

कोर्टावर अवलंबून आहे. फेडरल दिवाणी खटल्यात प्रत्येक पक्षाला तीन. वादी किंवा प्रतिवादी अनेक असतील तर न्यायाधीश त्या सगळ्यांना मिळून एक पक्ष धरू शकतात किंवा हरकती वाढवून देऊ शकतात. फेडरल दिवाणी ज्युरी किमान सहा आणि जास्तीत जास्त बारा जणांची असते. सहा जणांची दिवाणी ज्युरी संविधानात बसते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कोलग्रोव्ह विरुद्ध बॅटिन या खटल्यात ठरवलं.

कॅलिफोर्नियात दोनच पक्ष असतील तर प्रत्येकी सहा, जास्त पक्ष असतील तर प्रत्येक बाजूला आठ. ज्युरी बारा जणांची असते आणि त्यातल्या नऊ जणांचं एकमत निकालाला पुरतं. न्यूयॉर्कमध्ये ज्युरी सहा जणांची, प्रत्येक बाजूला तीन हरकती, शिवाय राखीव ज्युररांच्या हिशेबाने थोड्या वाढीव. टेक्सासच्या जिल्हा न्यायालयात प्रत्येक पक्षाला सहा, काउंटी कोर्टात तीन. ॲरिझोनात शून्य. त्याबद्दल पुढे सांगते.

आकडे लहान दिसतात, पण सहा जणांच्या ज्युरीत तीन हरकतींचं वजन फार मोठं असतं. पुढचा सगळा वाद त्यामुळेच आहे.

प्रत्यक्ष कोर्टात हे कसं घडतं?

सकाळी तुम्ही ज्युरी असेंब्ली रूममध्ये बसता. डबा न्या, पुस्तक न्या. नाव पुकारलं की तीस-चाळीस जणांबरोबर एखाद्या कोर्टरूममध्ये जाता. न्यायाधीश खटल्याची थोडक्यात ओळख करून देतात. मग क्लार्क चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं वाचतो आणि ती माणसं ज्युरीच्या खुर्च्यांत जाऊन बसतात. कॅलिफोर्नियात बारा खुर्च्या आणि त्यांच्यापुढे आणखी सहा अशी अठरा जणांची मांडणी बऱ्याच ठिकाणी असते. तिला गंमतीने 'सिक्स-पॅक' म्हणतात.

मग प्रश्नोत्तरं सुरू होतात. काम काय करता, घरी कोण कोण आहे, पूर्वी कधी दावा लावलाय का, तुमच्यावर कुणी लावलाय का, अपघातात कधी दुखापत झाली आहे का, 'दुखलं-खुपलं' याचे पैसे देण्याबद्दल काय वाटतं. फेडरल कोर्टात बरेचसे प्रश्न न्यायाधीशच विचारतात. राज्यांच्या कोर्टांत वकिलांना जास्त मोकळीक असते. न्यूयॉर्कच्या राज्य न्यायालयांत तर दिवाणी खटल्याची ही प्रश्नोत्तरं अनेकदा न्यायाधीशांच्या गैरहजेरीत, एका वेगळ्या खोलीत होतात.

प्रश्न संपले की आधी सकारण हरकती होतात. बहुतेक वेळा त्या न्यायाधीशांच्या मेजाजवळ हळू आवाजात, ज्युररांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मांडतात. मग विनाकारण हरकतींची पाळी येते. कॅलिफोर्नियात वादी एक माणूस काढतो, मग प्रतिवादी एक काढतो, असं आळीपाळीने चालतं. रिकाम्या खुर्चीत पुढच्या सहांपैकी माणूस सरकतो. एखादी बाजू 'पास' म्हणू शकते, त्यामुळे तिच्या उरलेल्या हरकती बुडत नाहीत. पण दोन्ही बाजू लागोपाठ पास म्हणाल्या की ज्युरी ठरली, शपथ घ्या.

इथे पत्त्यांच्या डावासारखा विचार चालतो. समोरच्या खुर्चीतला माणूस नकोसा आहे, पण त्याला काढलं तर मागून येणारा याहून वाईट असेल का? काही कोर्टांत दुसरी पद्धत असते. आधी सगळ्यांना प्रश्न विचारतात, सकारण हरकती आटोपतात आणि मग दोन्ही बाजूंसमोर पूर्ण यादी ठेवून 'यातली तुमची नावं खोडा' म्हणतात. पुढे कोण येणार हे तिथे आधीच दिसतं. दोन्ही पाहिल्यावर मला ही दुसरी पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण तिच्यात अंधारात दगड मारावा लागत नाही.

मी इंजिनीअर आहे म्हणून मला काढलं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आपल्यात इंजिनीअर भरपूर, त्यामुळे साहजिक आहे.

असू शकतं. दिवाणी खटल्यात वादीला 'संशयाला जागा नाही' इतकं सिद्ध करावं लागत नाही. तराजू त्याच्या बाजूला थोडा जरी झुकला तरी पुरे. फौजदारीपेक्षा ही पायरी बरीच खाली आहे. दुखापतग्रस्तांचे वकील कधी कधी घाबरतात, की आकड्यांत काम करणारा माणूस मनातल्या मनात नव्व्याण्णव टक्के पुरावा मागेल आणि 'वेदनेचे पैसे' कुठल्या सूत्राने काढायचे असं विचारत बसेल. उलट विमा कंपनीच्या वकिलाला तोच इंजिनीअर हवासा वाटतो. नर्स, क्लेम ॲडजस्टर (विम्याचे दावे तपासणारा), शिक्षक, छोटा दुकानदार, प्रत्येकाबद्दल असे ठोकताळे वकिलांच्या जगात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. मोठ्या दाव्यांत तर ज्युरीचा अंदाज बांधून देणारे सल्लागार फी घेऊन शेजारी बसलेले असतात.

हे ठोकताळे कितपत खरे ठरतात? माझा अनुभव असा, की एकाच व्यवसायातले दोघं शेजारी बसलेले असतात आणि त्यांची उत्तरं दोन टोकांची निघतात. पण वकिलाच्या हातात वेळ थोडा असतो, माणूस ओळखायला पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. व्यवसायावरून काढणं कायद्याने चालतं. खटकलं तरी चालतं.

मग वंशावरून, बाई-पुरुष यावरून काढणंही चालतं का?

नाही. इथे 'कारण सांगायची गरज नाही' हा नियम थांबतो. तो कसा थांबला हे समजायला एका बांधकाम मजुराची गोष्ट सांगते. दिवाणी ज्युरीच्या इतिहासात तिच्याइतकी महत्त्वाची गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

थॅडियस एडमन्सन हा कृष्णवर्णीय मजूर लुइझियानातल्या फोर्ट पोक या लष्करी तळावर काम करत होता. लीझव्हिल काँक्रीट कंपनीच्या माणसाने ट्रक मागे घरंगळू दिला आणि एडमन्सन दुसऱ्या यंत्राला चेपला गेला, असा त्याचा दावा होता. खटला फेडरल कोर्टात उभा राहिला. कंपनीला तीन विनाकारण हरकती होत्या. त्यांतल्या दोन तिने कृष्णवर्णीय ज्युररांना काढण्यासाठी वापरल्या. एडमन्सनच्या वकिलाने कारण मागितलं. न्यायाधीश म्हणाले, कारण द्यायचा नियम फौजदारी खटल्यांचा आहे, दिवाणीत तो लागू नाही. ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय अशी माणसं बसली. ज्युरीने नुकसान नव्वद हजार डॉलरचं ठरवलं, पण ८० टक्के दोष एडमन्सनचाच, असंही ठरवलं. त्याच्या हाती अठरा हजार डॉलर आले.

त्याआधी, १९८६ मध्ये, बॅटसन विरुद्ध केंटकी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांना वंशावरून ज्युरर काढायला मनाई केली होती. एडमन्सनच्या अपिलात कंपनीची बाजू अशी होती: आम्ही खाजगी कंपनी, संविधान सरकारला बांधतं, आम्हाला नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे नाकारलं. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालाचा गाभा साध्या मराठीत असा: हरकतीचा हक्क कायद्याने दिलेला आहे, माणसाला समन्स सरकार पाठवतं, खुर्चीतून उठवून बाहेर पाठवतात ते न्यायाधीश, आणि ज्युरी जे काम करते ते शासनाचंच काम आहे. मग हरकत घेणारा खाजगी असला म्हणून ती त्याच्या घरची बाब कशी? न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांच्या मते हरकत घेणं हा खाजगी वकिलाचा स्वतःचा निर्णय होता, सरकारचा नव्हे.

विरोधी मत वाचताना क्षणभर तेही पटतं. तरी मला बहुमतच बरोबर वाटतं. कोर्टाच्या खोलीत, न्यायाधीशांच्या तोंडून 'तुम्ही जाऊ शकता' असं ऐकणाऱ्या माणसाला तो अपमान खाजगी वाटत नाही.

पुढे १९९४ मध्ये अलाबामातला एक पितृत्वाचा आणि मुलाच्या पोटगीचा खटला वर गेला. राज्याच्या वकिलाने दहापैकी नऊ हरकती पुरुषांवर खर्च केल्या, पित्याच्या बाजूने जवळपास सगळ्या बायकांवर, आणि ज्युरी निघाली सगळी बायकांची. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लिंगावरूनही काढता येणार नाही. त्याच्या वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन औषध कंपन्यांमधल्या खटल्यात लैंगिक कलावरून काढायलाही मनाई केली. एचआयव्हीच्या औषधाच्या किमतीवरून वाद होता आणि एका समलिंगी ज्युररला काढलं गेलं होतं.

वकिलाच्या मनातलं कारण कोर्टाला कसं कळणार?

याला 'बॅटसन हरकत' म्हणतात आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. समोरचा पक्ष दाखवतो की इथे भेदभावाचा वास येतोय. मग काढणाऱ्या वकिलाला वंश किंवा लिंग सोडून दुसरं कारण सांगावं लागतं. शेवटी न्यायाधीश ठरवतात की ते कारण खरं आहे की बहाणा. हरकत मान्य झाली तर ज्युररला परत बसवतात, किंवा सगळी मंडळी घरी पाठवून नव्याने सुरुवात करतात.

खरी गळती दुसऱ्या पायरीवर आहे. १९९५ च्या पर्केट विरुद्ध एलेम या निकालानुसार तिथे सांगितलेलं कारण पटण्यासारखं असायचीही गरज नाही. त्या खटल्यात लांब, विस्कटलेले केस आणि दाढी-मिशा हे कारण दुसऱ्या पायरीला पुरेसं मानलं गेलं. 'नजरेला नजर देत नव्हते', 'कंटाळलेले दिसले', असली कारणं मग कुणीही देऊ शकतो. बॅटसन निकालातच न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी वेगळं मत लिहून सांगितलं होतं की भेदभाव संपवायचा असेल तर या हरकतीच संपवाव्या लागतील.

न्यायाधीश तिसऱ्या पायरीवर तुलना करतात. 'ज्युररने पूर्वी दावा लावला होता म्हणून काढलं' असं वकील म्हणत असेल आणि तोच इतिहास असलेला दुसरा, गोरा ज्युरर त्याने ठेवला असेल, तर कारण खोटं पडायला लागतं. बहाणा उघडा पाडायला हे हत्यार सगळ्यात उपयोगी पडतं.

माझा उच्चार भारतीय आहे. मला दुसरी भाषा येते. त्यावरून काढता येतं का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

१९९१ मध्येच हर्नांडेझ विरुद्ध न्यूयॉर्क हा फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयात आला. साक्षी स्पॅनिशमधून व्हायच्या होत्या. स्पॅनिश येणाऱ्या ज्युररांना वकिलाने विचारलं, दुभाष्याने सांगितलेलं इंग्रजी भाषांतरच तुम्ही अंतिम मानाल का? ते घुटमळले, आणि त्यांना काढलं. न्यायालयाने ते कारण मान्य केलं. वरवर तर्कशुद्ध वाटतं, पण परिणाम असा की जी भाषा साक्षीदार बोलतो ती समजणारेच ज्युरीबाहेर गेले.

आपल्या भाषेत कल्पना करा. साक्षीदार मराठीत म्हणाला, 'पैसे काकांनी दिले.' दुभाष्याने 'अंकल' म्हटलं. इंग्रजी ज्युररांच्या डोक्यात वडिलांचा किंवा आईचा भाऊ आला. तुम्हाला ठाऊक आहे की शेजारचे जोशीही काकाच असतात. अशा वेळी ज्युरीच्या खोलीत बसून 'अहो, त्याचा अर्थ तसा नाही' असं सांगायची तुम्हाला परवानगी नाही. पुरावा म्हणून दुभाष्याचे शब्दच धरायचे. पण चूक झाली असं वाटलं तर कॅलिफोर्नियातल्या ज्युररला दिल्या जाणाऱ्या सूचनेप्रमाणे लगेच चिठ्ठी लिहून न्यायाधीशांपर्यंत पोचवता येते. निवडीच्या वेळी हा प्रश्न आला तर हेच उत्तर द्या: भाषांतर मानेन, शंका आली तर न्यायाधीशांना चिठ्ठीने कळवेन. ते प्रामाणिकही आहे आणि नियमात बसणारंही.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये यावर बराच पुढचा कायदा केला. हेतू सिद्ध करायची गरजच काढून टाकली. वंश, वांशिक गट, लिंग, लैंगिक कल, मूळ देश किंवा धर्म हा घटक त्या हरकतीत होता असं एखाद्या समंजस त्रयस्थाला वाटण्याची भरपूर शक्यता असेल, तर हरकत फेटाळायची. शिवाय काही कारणं मुळातच अवैध धरायची यादी दिली. त्या यादीत इंग्रजी मातृभाषा नसणं आहे, दुसरी भाषा येणं आहे, पेहराव आहे, राहण्याचा मोहल्ला आहे. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करते. फौजदारी खटल्यांना हा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. दिवाणी खटल्यांसाठी त्याच कायद्याने १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरवली होती. हेतू न शोधता त्रयस्थाच्या नजरेने पाहायची वाट वॉशिंग्टन राज्याने त्याआधीच, २०१८ मध्ये, न्यायालयीन नियमाने दाखवली होती.

इंग्रजी मुळीच समजत नसेल तर गोष्ट वेगळी. कोर्टातलं कामकाज समजण्याइतकं इंग्रजी हवंच. उच्चाराशी त्याचा संबंध नाही.

या हरकती सरळ बंद का करत नाहीत?

ॲरिझोनाने केल्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम बदलला आणि १ जानेवारी २०२२ पासून दिवाणी आणि फौजदारी, दोन्हीकडच्या विनाकारण हरकती संपल्या. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य. इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने आणि कॅनडाने २०१९ मध्ये फौजदारी खटल्यांतून त्या काढून टाकल्या. अमेरिकेच्या संविधानात हा हक्क नाहीच. तो कायद्याने दिलेला आहे, म्हणून काढून घेता येतो.

माझं मत तिथपर्यंत जात नाही. पक्षकाराच्या पोटात एखाद्या ज्युररबद्दल खड्डा पडतो, कारण शब्दांत मांडता येत नाही, आणि सकारण हरकत फेटाळली गेलेली असते. आयुष्यभराच्या दुखापतीचा निकाल त्या माणसाच्या हातात द्यायचा असतो. अशा वेळी दोन-तीन हरकती हातात असणं माणुसकीचं वाटतं. आठ-आठ मात्र फार झाल्या. आणि संख्या कमी करायची तर प्रश्न विचारायला वेळ वाढवून द्यायला हवा. वेळ नसला की वकील चेहऱ्यावर जातात.

भारतात असं काही होतं का?

होतं, आणि त्याच्याशी आपला जवळचा संबंध आहे. मुंबई उच्च न्यायालयात फौजदारी खटले ज्युरीपुढे चालत, तेव्हाच्या संहितेत सरकारला आणि आरोपीला प्रत्येकी आठ ज्युरर कारण न देता नाकारता येत. तरीही १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांसमोर बसलेल्या नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवणारा लागला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या यादीतून नावं निघतात तीच एका बाजूला कललेली असेल तर आठ हरकतींनी काय होणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये थील विरुद्ध सदर्न पॅसिफिक या दिवाणी खटल्यात हेच ओळखलं. रोजंदारीवर काम करणाऱ्यांना ज्युरीच्या यादीतूनच मुद्दाम वगळलं होतं, म्हणून तो निकाल रद्द झाला.

नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष निकाल दिला, न्यायाधीशांना तो मान्य झाला नाही, आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

पण एक जागा शिल्लक आहे, आणि ती दिवाणी आहे. १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखाली मुंबईत पारशी वैवाहिक न्यायालय भरतं आणि न्यायाधीशांच्या मदतीला समाजातले पाच डेलिगेट बसतात. दावा लढवणाऱ्या नवरा-बायकोला हजर डेलिगेटांपैकी मोजक्या जणांना कारण न सांगता नाकारता येतं. पेरेम्प्टरी चॅलेंजची दिवाणी आवृत्ती अशी मुंबईच्या फोर्ट भागात अजून कायद्याच्या पुस्तकात जिवंत आहे, हे ऐकून मंडळातले सगळे चकित होतात.

वकील आपलं फेसबुक पाहतात का?

हो. जे सगळ्यांना दिसतं ते पाहायला अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या २०१४ च्या मतानुसार हरकत नाही. फ्रेंड रिक्वेस्ट पाठवणं मात्र चालत नाही. समन्स आल्यावर जुन्या पोस्ट पुसत बसू नका, पण खटल्याबद्दल एक अक्षरही लिहू नका.

मुद्दाम कडक मतं सांगून सुटता येईल का?

तुम्ही शपथेवर बोलत असता. खोटं बोलणं गुन्हा आहे. अडचण खरी असेल, म्हणजे घरी आजारी माणूस, तान्हं मूल किंवा ठरलेली शस्त्रक्रिया, तर तसं सरळ सांगा. न्यायाधीश बहुतेक वेळा ऐकतात.

आणि उलटही करू नका. ज्युरीत बसायची हौस म्हणून 'माझं कशाबद्दलच मत नाही' असं सांगणारे पाहिले आहेत. मत आहे, पण बाजूला ठेवता येईल का, एवढंच कोर्टाला हवं असतं. येत नसेल तर तेही सांगा. त्याने पक्षकाराची एक मोलाची हरकत वाचते.

मी स्वतः दाव्यात वादी आहे. हरकती माझ्या की वकिलाच्या?

हक्क पक्षकाराचा, वापरतात वकील. निवडीच्या दिवशी कोर्टात हजर राहा आणि वकिलाच्या शेजारी बसा. कुणाबद्दल काही खटकलं तर चिठ्ठी सरकवा. दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा: आपल्याला किती हरकती मिळणार, आणि सहप्रतिवादी अनेक असतील तर समोरच्यांना मिळून किती. समोर तीन कंपन्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र हरकती असं झालं तर पारडं भलतंच झुकतं. ते निवड सुरू व्हायच्या आधीच न्यायाधीशांसमोर मांडावं लागतं.

आणखी एक. तुमची सकारण हरकत चुकीने फेटाळली गेली असं वाटत असेल, तर कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत अपिलात तो मुद्दा टिकायला विनाकारण हरकती सगळ्या वापरून संपवाव्या लागतात आणि 'या ज्युरीवर आम्ही समाधानी नाही' असं नोंदवावं लागतं. शिल्लक ठेवून नंतर तक्रार केली तर सहसा ऐकत नाहीत.

मला काढलं. मी कारण विचारू शकते का? आता काय होईल?

त्या क्षणी विचारू नका, कोर्टात कोणी उत्तर देणार नाही. पण वंशावरून काढलं न जाण्याचा हक्क तुमचा स्वतःचा आहे, एखाद्या पक्षकाराने दिलेली ती सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पॉवर्स विरुद्ध ओहायो या खटल्यात हे सांगितलं. तो हक्क बहुतेक वेळा समोरचा पक्ष तुमच्या वतीने मांडतो, तुम्हाला कळतही नाही.

बॅज क्लार्ककडे परत द्या आणि असेंब्ली रूममध्ये विचारून मगच घरी जा. कधी कधी दुसऱ्या खटल्यासाठी पुन्हा पाठवतात. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना सकाळी एका कोर्टरूममधून काढलं होतं, आणि त्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या खटल्यात त्या सात नंबरच्या खुर्चीवर बसल्या, निकाल लागेपर्यंत.